सिनेमातून कापलेले बाबा

चि. धाकट्यास,
ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे. खोकला गेला, म्हणजे जवळजवळ गेला. मुलं अभ्यास करतात ना?

इथे चित्रपट-संग्रहालयात दिवसभर आपल्याकडचे जुने सिनेमे टेबलावर हाताने फिरवते आणि नोंदी लिहिते. सुरुवातीच्या सिनेमांत कारखान्याच्या फाटकावर माणसांची रीघ असते. पुढे ती आटत जाते आणि शेवटी बंद पडलेल्या कारखान्यात एकटा नायक गोळ्या झाडतो. पाहून पाहून मान धरते.

परवा एका गंजक्या डब्यात संपाचा प्रसंग सापडला. खऱ्या कामगारांना घेऊन केलेला, सरकारने कापायला लावलेला. दुसऱ्या रांगेत बाबा आहेत. मूठ वर, सदऱ्याचं बटण तुटलेलं. ते "मी सिनेमात होतो" म्हणायचे, तेव्हा "कुठे, पडद्यामागे का?" असं तूच विचारायचास. हसले मीही होते.

फिल्म आक्रसली आहे. आमचा तंत्रज्ञ म्हणतो, "बाई, यंत्रावर एकदाच चालेल. त्यातच प्रत निघाली तर निघाली." मी त्याला महिनाअखेरपर्यंत थोपवलं आहे.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तू तीनदा पुढे ढकललंस. आता सबब नको, तारीख कळव आणि नंतर तिला घेऊन इकडे ये. काय पाहायचंय ते सांगू नकोस. बाबांवर ती एकटीच कधी हसली नाही. तिचं तिला ओळखू दे.

वाट पाहते.
ताई