भावोजी, दाराला तेल घातलंत, आता या

१२ नोव्हेंबर. सकाळी कपडे वाळत घातले. सिनेमाचे आवाज भरणारे गृहस्थ येऊन गेले. दुपारी तुमचं पत्र मिळालं. नंतर जेवले.

ती. भावोजी,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? जाऊबाईंचा खोकला थांबला असेलच. माझी काळजी करू नका. झोप लागते, भूकही लागते. (भूक लागल्याची आधी लाज वाटायची, आता तीही वाटत नाही.)

शोकसभेत ह्यांची ओळख ‘कौटुंबिक चित्रपटांचे दिग्दर्शक’ अशी करून द्यावी आणि अर्धवट राहिलेला सिनेमा गुंडाळून ठेवावा, असं तुम्ही लिहिता. तुमचा मान राखून सांगते, दोन्ही होणार नाही. तुमच्या धाकट्या भावाने अकरा सिनेमे काढले आणि अकराही भुतांचे. पहिल्यात भूत मीच होते, कारण ठरलेली नटी अंधाराला घाबरली. दुसऱ्याची समीक्षकांनी टर उडवली, पण खेळाच्या वेळी हे शेवटच्या रांगेत बसून त्यांचे पाय बघत होते. (सगळ्यांनी खुर्चीवर घेतले होते. मग काय लिहायचं ते लिहोत बापडे.) घरात मात्र पाल दिसली की मला हाक. असा भित्रा माणूस जन्मभर लोकांना घाबरवत राहिला, यात लपवण्यासारखं काय आहे?

त्या सगळ्या सिनेमांत करकरणारं दार आमच्या मागच्या खोलीचं. दर सिनेमाला त्याचा आवाज नव्याने घ्यायचे. माणसासारखा दाराचाही आवाज वयाप्रमाणे बदलतो, म्हणायचे. हे गेले त्या आठवड्यात मला त्रास नको म्हणून तुम्ही बिजागऱ्यांना तेल घातलंत. (मायेने घातलंत हे कळतं. भरपूर घातलंत हेही कळतं.) घर फार शांत झालंय असं मला वाटत होतं, पण त्यातली अर्धी शांतता तुमच्या तेलाची, हे आज कळलं. कानसाहेबांनी (आवाजवाल्या गृहस्थांना सगळे असंच म्हणतात) दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग कानावरचे हेडफोन उतरवून म्हणाले, “वहिनी, दार गेलं हो.”

इतके दिवस कुणासमोर रडले नव्हते. त्या दाराशी रडले.

जुना आवाज वापरू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. ह्यांनी साधी किंकाळी कधी दुसऱ्यांदा वापरली नाही. सिनेमा पुरा होणार आणि शोकसभेत त्यातलाच तुकडा दाखवणार. ज्यांना भीती वाटेल त्यांनी डोळे मिटून घ्यावेत. शोकसभेत ते शोभतंही.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. रविवारी मुक्कामालाच या. सांत्वन नको. पोटभर जेवा आणि उताणे झोपा. तळघरातून येणारा जो आवाज ऐकून तुम्ही पहिल्या खेळातून उठून गेला होता, तो तुमच्या घोरण्याचा आहे. अकराही सिनेमांत तुमचंच घोरणं, दर वेळी नव्याने घेतलेलं. हे तुम्हाला आग्रहाने ठेवून घ्यायचे ते प्रेमानेच, पण पलंगाखाली यंत्रही असायचं. दार तुम्ही घालवलंत, आता निदान घोरा तरी.

आणखी ता. क. येताना तेल आणू नका. बिजागऱ्या साबणाने घासून, गंज चढावा म्हणून मिठाचं पाणी लावलंय. अजून तरी दार गप्प आहे. हे पाकीट चिकटवते आणि फडकं भिजवून पुन्हा एकदा लावून येते.