चौदा समाधानी सुइणी

चिरंजीव धाकट्यास,

तुला आणि भावजयीला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. भावजयीचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही सध्या रागावर चालतात, त्यामुळे उत्तम आहेत. (लिहून घेणारी माझी नातच, इस्पितळातली सुईण. बारा तास उभी राहून आली आहे. अक्षर मध्येच डुलकी घेताना दिसलं तर तिला बोलू नकोस.)

राग आहे तो तुझ्या थोरल्या चिरंजीवावर. त्याला इस्पितळानं सुइणींचं समाधान मोजायला नेमलं होतं. ताप मोजतात, बाळाचं वजन करतात, हे मला कळतं. समाधान कुठल्या तागडीत घालतात, ते त्यालाच विचार. त्यानं मोजलं आणि अहवाल दिला, की चौदाच्या चौदा सुइणी कामावर अत्यंत समाधानी. झालं! वर्षभर हातापाया पडून मागितलेल्या दोन जादा सुइणी साहेबांनी नामंजूर केल्या. एवढं समाधान उतू जातंय तिथे आणखी माणसं कशाला, म्हणे. म्हणजे एका पाळीत अकरा खाटांना पुन्हा दोघीच. एकीचं बाळ हातात येईतो दुसरी कळांनी पलंगाची दांडी उपटतेय, आणि मधल्या मध्ये माझी नात वाळून काडी झाली आहे.

मोजणी कशी झाली ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी नात डबा विसरली म्हणून मी घेऊन गेले. दारातच तोंडाला पट्टी, डोक्याला टोपी, पायांना कापडी पिशव्या चढवून मला बाकावर बसवलं. (दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसत होते.) तासाभरात नात चार वेळा दिसली, चारही वेळा पाठमोरी. टेबलावर तिचा सकाळचा चहा साय धरून बसलेला. एवढ्यात तुझे चिरंजीव पाटी छातीशी धरून आले, कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दोनच्या आत भरून हवेत म्हणाले. पडद्याआडून एक सुईण म्हणाली, भरते की, तेवढा या बाईंचा पाय धरा. तो जो पांढरा पडून पळाला, तो दोनलाच उगवला. घड्याळाकडे बघत, सख्ख्या आत्याला म्हणतो कसा, "मावशी, कागद झाले का?"

मावशी! मान वर केली असती तर डोळे ओळखले असते. हेच डोळे वटारून लहानपणी त्याला दूध पाजलंय. कागद काखेत मारून चालता झाला. जिचं समाधान मोजलं अशा एकीचंही तोंड त्यानं पाहिलं नाही. तू बाप आहेस, त्याचा कान धर आणि अहवाल मागे घ्यायला लाव.

तुझी,
ताई

ता. क. कारण कळल्याशिवाय तो हलणार नाही, म्हणून सांगते. कागद कोरेच पडले होते. नातीला बोलणी बसतील म्हणून मीच भरले. त्यावर मला वाचता येण्यासारखं एकच होतं, दर ओळीत पाच तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मला वाटलं, बाळंतिणीला घरी कशी पाठवायची ते विचारलंय. मग मी काय रडकं निवडू? चौदा कागदांवर सगळीकडे हसरंच. पेन्सिल दोनदा मोडली.

आणखी ता. क. लिहिणारीचा हात मध्येच थांबला. हे तिलाही आत्ताच कळलं. म्हणाली, "आजी, महिना झाला आम्ही चौदा जणी एकमेकींशी धड बोलत नाही. प्रत्येकीला वाटतं, दुसरीनंच कागद भरून साहेबांची मर्जी राखली."

शेवटचं. खाली जे तोंड काढलंय ते नातीनं स्वतःच्या हातानं काढलंय. तुझ्या लेकाच्या पाचांत ते बसत नाही, पण सुइणीनं भरलेला तेवढा एकच कागद आहे, तो त्याला दे. बाकीचे तेरा न्यायला त्यानं पुन्हा वॉर्डात यावं, आणि आधी सांगितला होता तो पाय धरावा. मी बाकावरच बसलेली असेन.