डावीकडचं पित्ताशय

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज एका पेशंटबद्दल तुमच्याशीच बोलायचंय. आजऱ्याची बाई, काजूच्या कारखान्यात कामाला. जेवण झालं की डाव्या बरगडीखाली कळ यायची, आणि दुखणं डावीकडचं म्हणून जो तो तिला ॲसिडिटीच्या गोळ्या द्यायचा. इथं कोल्हापुरात सोनोग्राफी केली तेव्हा उलगडलं. यकृत डावीकडं, हृदय उजवीकडं, सगळं आरशात पाहावं तसं. आणि पित्ताशय खड्यांनी भरलेलं. मी समजावून सांगितलं तर म्हणाली, "काळीज उजवीकडं हाय म्हंतायसा, मग मी एवढी वर्सं जगलो कशी?" नवरा जरा पुढं सरकला. मग हळूच म्हणाला, "पोरीचंबी असंच असंल काय हो, डॉक्टरीणबाई?"

ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरवलं. आदल्या दिवशी रिकाम्या थिएटरमध्ये टेबलाभोवती नुसती फिरत राहिले. तुम्ही मला पेशंटच्या डाव्या अंगाला उभं राहायला शिकवलंत. मी उजवीकडं उभी राहिले, टीव्ही तिच्या डाव्या खांद्यापाशी नेला, छिद्रांच्या जागा उलट्या केल्या. वाटलं, जमेल. पण पोटात कॅमेरा गेला आणि माझेच हात मला परके झाले. उजव्या हातानं सोडवायला जावं तर तो डाव्यावर चढे. शेवटी पित्ताशयाची मान सहायकाला धरायला दिली आणि एकेक पदर सोडवत गेले. नळी दिसली. पण कुठली? पित्ताशयाची, की यकृतातून येणारी मुख्य? चुकीची कापली तर बाई जन्मभर भोगणार. आणि आठवणीतले तुम्ही शेजारी उभे राहता, माझ्या शिकाऊ दिवसांत होता तसे, क्लिप उचललेलं माझं मनगट धरून, सगळ्यांसमोर ओरडता, "गडबड कसली? एष्टी चुकतीया काय तुझी? काय दिसतंय ते आधी बोल की!" मी मोठ्यानं बोलू लागले. पित्ताशयात दोनच गोष्टी शिरतायत, नळी आणि रक्तवाहिनी. मागं नुसतं यकृत दिसतंय. म्हणजे ही पित्ताशयाचीच नळी. भूल देणाऱ्या बाई चमकून बघायला लागल्या. मग नळीला क्लिप लावली आणि कापली.

ती बरी झाली. जाताना म्हणाली, "आता सुलटी झालो न्हवं मी?" मी हसले. पण तोवर रोज सकाळी तिला खिडकीपाशी नेऊन डोळे पिवळे दिसतात का, मुख्य नळीला धक्का तर लागला नाही ना, बघत होते, आणि अजूनही तिच्या नवऱ्याचा फोन आला की आधी तिच्या डोळ्यांचा रंग विचारते. सगळे कौतुक करतात, परिषदेत मांडा म्हणतात. हे पत्र कुठं धाडणार? आणि खरं सांगू, तुम्ही हयात असता तरी धाडलं नसतं. केस छान झाली सर, एवढंच फोनवर सांगितलं असतं.