घायपाताची चौकट

ओरोपेसा, १४ ऑगस्ट

प्रिय कासिमिरा,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र जूनमध्ये, सान हुआनच्या सणाला आलं आणि मी आत्ता लिहायला बसलोय. आधी दाढ सुजली, मग बटाटे गारठ्यात वाळत घालायचे होते. शिवाय माझं लिहिणं तुला ठाऊकच आहे, एका ओळीला अर्धी सकाळ जाते. बाकी सगळं ठीक. करड्या गिनीपिगला पिल्लं झाली. छप्पर गळत नाही. तिकडे काल्कात तुझ्या बहिणीचा, एदुआर्दाचा गुडघा आता बरा असेल. एवढ्या दिवसांत गुडघा बरा होतो, असं शेजारची पाउलिना म्हणते. मी काही म्हणत नाही.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. बहिणीच्या गुडघ्यावर त्यात दोन ओळी आहेत, आणि तिच्या शेजारच्या मेलितोनच्या चौकटींवर अख्खं पान. ‘इतक्या हलक्या की करंगळीवर तोलाव्यात.’ बरं. देवळातल्या तसबिरींच्या चौकटी करणारा माणूस, त्याचा हात हलकाच असणार. संध्याकाळी येऊन बसतो म्हणतेस, तेव्हा टोपी काढतो का? सहज विचारलं. विधुर माणूस टोपी काढून बसला की लवकर उठत नाही.

आपल्या आरशाची माझी चौकट जड होती, मान्य. मी दारं करणारा सुतार, अक्रोडाच्या लाकडाशिवाय मला काही सुचत नाही. एप्रिलमध्ये भूकंपाचा धक्का बसला तेव्हा आपल्या कच्च्या विटांच्या भिंतीतून खुंटी, मातीचं ढेकूळ आणि आरसा, सगळंच तुझ्या उशीवर आलं. तू चुलीपाशी गेली होतीस म्हणून वाचलीस. तेव्हा म्हणालीस, “सातुर्नीनो, हलकं काही तुला जमतच नाही. बोलणंसुद्धा.” आणि पुढच्याच आठवड्यात बहिणीचा गुडघा दुखू लागला.

तर मीही हलकी चौकट केली आहे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी कोयता घेऊन ओढ्याकडे निघालो, घायपाताचा फुलोऱ्याचा दांडा आणायला. पाउलिना कुंपणावरून ओरडली, “सातुर्नीनोकाका, चंद्र वाढतोय! आत्ता तोडलात तर लाकूड वाकडं होईल.”

“चंद्राला घाई नसेल, तिकडे काल्कात एकाला आहे.”

“कुणाला?”

“तुला काय करायचंय?”

“मला काही नाही, काका. वाकडं झालं की इकडे टाका, माझी चूल तरी पेटेल.”

झालं तसंच. चौकट वाळताना अशी पिळवटली की कुत्र्याचं शेपूट बरं. मग उतरत्या चंद्राची वाट पाहिली, दुसरा दांडा आणला, तो सावलीत वाळू दिला. पत्राला उशीर झाला तो खरं तर यामुळे. हातात काही नसताना काय लिहू?

दांड्याचा गाभा पावासारखा कापला जातो. माझ्या हाताखाली कोरायला घेतलेली पहिली फुलं चुरडलीच. मग तुझी बटाटे सोलायची सुरी घेतली आणि श्वास रोखून कोरलं. वर सरसात भिजवलेलं फडकं, त्यावर पांढऱ्या मातीचा लेप, मग रंग. कांतुताची लांबट लाल फुलं केली आहेत. पाउलिना म्हणाली, “मिरच्या छान झाल्यात.” सोनं नाही लावलं. सोनं मेलितोन लावतो. आरशाचा उडालेला कोपरा सगळ्यात मोठ्या फुलाखाली झाकला. आणि हलकी किती म्हणशील? आरसा बसवण्याआधी अंगणात वाळत ठेवली होती, तर ऑगस्टचा वारा तिला उचलून कोंबड्यांमध्ये घेऊन गेला. कोंबड्या पुढे, चौकट मागे, आणि तिच्या मागे मी.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. पावाचा ट्रक नेणारा इलारियो तुमच्या दारी थांबतो. त्याला मी काही विचारलं नव्हतं. म्हणजे एकदाच विचारलं. तो म्हणाला, “काकूंच्या खोलीत नवा आरसा आहे की, काका! सोनेरी चौकटीचा. त्यात बघून केस विंचरत होत्या, हसत होत्या.”

कासिमिरा, पाहुणी आलेली बाई दुसऱ्याच्या आरशात बघून वेणी घालते. स्वतःचा आरसा टांगून घेते ती राहायला आलेली असते. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मेलितोन खुंटी ठोकत असताना तू खाली उभी राहून “जरा डावीकडे” म्हणालीस का, एवढंच डोक्यात फिरतं. तसं तू आपल्या घरी म्हणायचीस.

आपला आरसा मी तुझ्या बाजूच्या भिंतीवर टांगला आहे, बारीकशा खुंटीला, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर. दाढी करताना मला गुडघे वाकवावे लागतात. पाउलिना खिडकीतून बघून हसते. हसू दे.

इलारियोबरोबर पाव पाठवला आहे. तुम्ही दोघी बहिणी खा. दोघीच.

तू येणार नसशील तर खुंटी मला माझ्या उंचीवर घ्यावी लागेल. पण भिंत कच्च्या विटांची, तिथलं एक भगदाड मी नुकतंच बुजवलंय. पुन्हा खुंटी उपटली तर भिंत तग धरेलसं वाटत नाही. म्हणून इलारियो परत निघायच्या आत त्याच्याजवळ निरोप दे. दोन शब्द पुरेत. लवकर दे.

तोवर गुडघे वाकवून दाढी करणारा,
तुझाच
सातुर्नीनो