बायडीचं रविवारचं वाचन

प्रिय बायडी,

शाळेतल्या मोठ्या बाई लिहीत आहेत. आधी एक काम कर. जिथे असशील तिथून खाली उतर, जमिनीवर बस, आणि मगच पुढचं वाच.

दिवाळीनंतर तू मजुरी करणाऱ्या आईबाबांबरोबर वीटभट्टीवर जगायला गेलीस, तेव्हा तुझा टॅब मी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिला होता. पालघरच्या ऑफिसातले साहेब म्हणाले होते, बाहेरगावी जाणाऱ्या पोरांना कशाला देता, फोडून आणतील. मी म्हटलं, पोरगी भट्टीवर गेली म्हणून तिची सहावी थांबत नाही. तुला काम एकच दिलं होतं. दर रविवारी एक धडा मोठ्याने वाचायचा, रेकॉर्ड करायचा आणि मला पाठवायचा. आळस केलास तर टॅब परत घेईन असा दमही भरला होता. तू एकही रविवार चुकवला नाहीस. सोमवारी मी तुझं वाचन सगळ्या वर्गाला ऐकवते. अंकुश म्हणतो, बायडी इथं असताना एवढी बोलत नव्हती, तिला भट्टीवरच राहू द्या. त्याला कोपऱ्यात उभं केलं, पण हसू मलाही आलं.

तुझ्या वाचनामागे नेहमी घूं घूं असा आवाज असायचा. मला वाटलं टॅब बिघडलाय. सुजीत सर म्हणाले, वारा असेल. मागच्या रविवारी मात्र तो आवाज इतका जवळ होता की तुझे शब्द त्यात बुडत होते. धड्याआधी तू म्हणालीस, "बाई, हितं वर बसलं का रेंज लय येते. खालची मानसं मुंग्यांवानी दिसतात." ते ऐकलं आणि तो आवाज कसला ते मला कळलं. माझं बोईसरचं घर विजेच्या मोठ्या तारांच्या जवळ आहे. धुकं पडलेल्या सकाळी त्या तारा अशाच गुणगुणतात, इतकी वर्षं मी तो आवाज ऐकत चहा करते. तरी मला आधी ओळखू आला नाही. तू तारांच्या मनोऱ्यावर बसून धडा वाचत होतीस.

तू का चढलीस ते मला कळतं. आपल्या पाड्यावर रेंज हवी असेल तर टेकडीवर जायचं, नाहीतर मोहाच्या झाडावर चढायचं. मी स्वतः मोहाखाली उभी राहून, वर फांदीवर बसलेल्या तुझ्याकडून ऑफिसला हजेरी पाठवून घेतली आहे. उंच गेलं की रेंज येते, हे तुम्हा मुलांना चालायला लागल्यापासून ठाऊक. पण मोह वेगळा आणि मनोरा वेगळा. त्या तारेला हात लागावा लागत नाही, बायडी. नुसतं जवळ गेलं तरी माणूस जातं.

ते वाचन अर्ध्यावर तुटलं. "मग राजाची मुलगी" इथपर्यंत आलीस, आणि पुढे काहीच नाही. एरवी शेवटी "झाला, बाई" म्हणतेस, तेही नाही. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. कुठे ओरडल्यासारखं ऐकू येतं का, म्हणून कानाशी धरून ऐकलं. तेव्हापासून तुझा टॅब बंद लागतो, तुझ्या बाबांचा, आनंदाचा, फोनही बंद. मुकादमाने एकदा उचलला आणि काम चालू हाय, पोरींची चौकशी नंतर करा, म्हणून ठेवून दिला. सुजीत सर म्हणतात, चार्जिंग संपलं असेल. असेलही. पण मुकादम "पोरगी बरी हाय" एवढं तरी म्हणू शकला असता.

भट्टी मनोर गावाच्या पलीकडे आहे एवढंच मला माहीत होतं. आज तुमच्या भट्टीवरच्या विटांची गाडी घेऊन रामू ड्रायव्हर बोईसरला आला, त्याच्याकडून नेमका पत्ता कळला. त्याला विचारलं तर म्हणाला, सगळे मजेत आहेत. आनंदाच्या बायडीला पाहिलंस का, म्हटलं, तर म्हणाला, कोण बायडी? भट्टीवर सगळ्या पोरी मातीने सारख्याच दिसतात. तो परत निघायच्या आत हे लिहून त्याच्याकडे देते आहे.

इथवर मी बोईसरच्या घरी लिहिलं. मग पत्र त्याच्या हातात द्यायच्या ऐवजी मीच गाडीत जाऊन बसले. आता आम्ही भट्टीच्या तोंडाशी उभे आहोत. पलीकडे मनोरा दिसतो आहे. त्यावर कोणी नाही. त्यातून काय समजायचं ते मला कळत नाही. बायका विटा थापताहेत. झोपडीपाशी एकटी एक बाई पाठमोरी बसली आहे. ती तुझी आई बुधीच असावी. ती काही काम करत नाहीये. जन्मभर मी पोरांना दरडावत आले, पण खाली उतरून त्या बाईला "बायडी कुठे आहे?" एवढं विचारायला माझा पाय उचलत नाही. तिने मान वळवली आणि तिचा चेहरा मला दिसला तर? म्हणून हे पत्र रामूकडे देऊन आत पाठवते आहे. तुझ्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्याही नाही, असं त्याला बजावलं आहे. तू हे वाचत असशील तर टॅब राहू दे, धडा राहू दे. हात धुवायलाही थांबू नकोस, आहेस तशी धावत गाडीपाशी ये. मला तुला खूप रागवायचं आहे.

तुझ्याच,
मोठ्या बाई