दहा मिनिटांच्या जागी शून्य

पपा, तुमचा कॉम्प्युटर अजून स्वयंपाकघरातच आहे, फ्रिजशेजारी. आज त्यावर मी माझाच जुना मॅक्रो उघडून वाचला. मॅक्रो म्हणजे काय, असं तुम्ही विचारलं होतं आणि मी घाईत म्हणाले होते, "एकदा सांगून ठेवायचं, मग मशीन आपलं आपण करतं." तुम्ही म्हणालात, "म्हणजे शाळेचा शिपाईच की." आपल्या शिपायाला काय सांगून ठेवलंय, ते मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

चर्चमागच्या आत्याबाई तेव्हा रोज दुपारी यायच्या. जुनी ख्रिस्ती भजनं अख्ख्या गावात एकट्या त्यांनाच येत होती. त्या लसूण सोलत म्हणायच्या, तुम्ही दोन बोटांनी टाइप करायचात. "दमानं लिवा गुर्जी, मी काय पळून चाल्ले व्हय?" मशीन जुनं, दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह होताना अडकायचं आणि तेवढ्यात ओळ निसटायची. तुम्ही वैतागायचात. नागापूरला ज्या कारखान्यात मी कागदपत्रं सांभाळते, तिथंही हाच त्रास होता, म्हणून मी मॅक्रो लिहिला होता. वर्ड उघडलं की आपोआप सेव्ह बंद, वीज गेल्यावर फाईल परत मिळायची सोयही बंद. वर्ड मिटलं की दोन्ही पुन्हा चालू. तोच तुमच्या मशीनवर टाकला. दहा मिनिटांच्या जागी शून्य, म्हणजे कधीच नाही. कारखान्यात आम्ही रोज संध्याकाळी फाईल सेव्ह करून मिटायचो, पण तुम्ही काम पुरं झाल्याशिवाय वही न मिटणारे मास्तर, नुसता स्क्रीन बंद करून उठायचात. हे मला चांगलं ठाऊक होतं. "सेव्हची काळजी नको, ते आपोआप होतं," हेही तुम्हाला मीच शिकवलेलं. आता ते होणार नाही, एवढं सांगायचं राहिलं.

शेवटचं एक भजन बाकी असताना आत्याबाई आजारी पडल्या आणि दवाखान्यातून परत आल्याच नाहीत. फाईल तशीच उघडी राहिली, तुम्हाला ती मिटवेना. आठवड्यानं भरदुपारी वीज गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली. पुन्हा उघडून बघता तर मॅक्रो टाकला त्या दिवशी सेव्ह केलेलं एकच भजन. तुमचा फोन येतो तेव्हा माझ्या टेबलासमोर चार माणसं उभी आहेत. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळतं. आणि मी तुमच्यावरच ओरडते, "पपा, सेव्ह करायला नको का? किती वेळा सांगायचं?" तुम्ही म्हणता, "चुकलंच गं माझं."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर तुम्ही उभे राहिलात. आयुष्यभर पोरांच्या चुकांवर लाल शाईनं खुणा केलेला माणूस, बाकाची पाठ घट्ट धरून बोलत होता. "आत्याबाईंची भजनं माझ्या हलगर्जीपणानं गेली. मंडळीनं मला क्षमा करावी." मी दोन बाक मागे होते. मला उठता आलं असतं. मी गीतांचं पुस्तक उघडून पान शोधत बसले. त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला नाहीत, आणि दोन वर्षांत तुम्हीही गेलात.

आता कारखान्यातल्या सगळ्या मशीनवर मी मॅक्रो उलटा करून टाकलाय. वर्ड उघडलं की दर मिनिटाला सेव्ह, कुणी बंद केलं तरी पुन्हा चालू. पोरी माझी चेष्टा करतात, करू देत. मध्यंतरी चर्चचे नवे पाळक जुन्या भजनांची चौकशी करत होते. मागून कुणी तरी म्हणालं, "लई गानी हुती, पन गुर्जींच्या हातून गेली." सगळे माझ्याकडे मायेनं बघायला लागले. मी म्हणाले, "हो ना, सेव्ह करायचं विसरले ते."

हे पत्र खरं तर मंडळीत वाचून दाखवायला हवं. त्याची प्रिंट काढून गीतांच्या पुस्तकात ठेवणार आहे. पण मला माहीत आहे, रविवारी मी पुस्तक उघडेन आणि पान शोधत बसेन.