वागणुकीचा दाखला

बोईसर, सप्टेंबर १९६८

हंसे,

काल तू एडवणहून माझ्या शाळेत आलीस आणि बाहेरून मॅट्रिकला बसायचा फॉर्म पुढे ठेवलास. वागणुकीच्या दाखल्यावर शिक्षकाची सही हवी होती. "तू तं मला लानपनापासून वळखतेस गो, तूच लिव," म्हणालीस, तेव्हा माझी मान वर होईना.

चार वर्षांपूर्वी मॅट्रिकला पालघरच्या केंद्रावर आपण दोघी चुलत बहिणी पुढेमागे बसलो होतो. भूमितीच्या पेपराला पर्यवेक्षक येताना दिसले, तशी मी माझी चिठ्ठी पायाने तुझ्या बाकाखाली सरकवली. त्यांनी ती उचलून तुला उभं केलं. तू अक्षर ओळखलंस, माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि "माजी नाय," एवढंच म्हणालीस. कोणाची, ते दोनदा विचारूनही सांगितलं नाहीस.

तुला परीक्षेतून काढून टाकलं; मी पास होऊन मास्तरीण झाले. काकांनी तुझं लग्न उरकलं आणि कोळीवाड्यात 'कॉपीवाली' हे नाव तुला चिकटलं. ते ऐकूनही मी गप्प राहिले.

काल मी 'वर्तणूक प्रामाणिक' असं लिहून सही केली. तू त्या शब्दांवरून बोट फिरवलंस आणि डोळे पुसलेस. तुझ्या प्रामाणिकपणाला माझी सही लागावी!

तेव्हाच सगळं बोलायला हवं होतं. पण तू एसटीला निघून जाईपर्यंत मी पाठ फिरवून कोरा फळा पुसत राहिले. हे पत्रही पोस्टात टाकायचं धाडस होणार नाही.

तुझी म्हणवायला न धजणारी,
पुष्पलता